टेबल दिसतंय, पण उघडत नाही: बिगक्वेरीतला शेअर केलेला डेटा सहकाऱ्यांपर्यंत कसा पोचवायचा

सकाळी सव्वादहाला साताऱ्याच्या ऑफिसातून ताईंचा फोन. "दादा, तुम्ही परवानगी दिली म्हणालात, पण इथे लाल अक्षरांत काहीतरी येतंय." मी माझ्या खात्यातून तेच टेबल उघडलं, क्वेरी चालवली, दोन सेकंदांत उत्तर आलं. "माझ्याकडे तर चालतंय की!" असं मी म्हणालो, आणि तिथेच चुकलो. मालकाच्या खात्यावर सगळं चालतंच. दुपारपर्यंत आणखी चार फोन आले, आणि पाचही जणांची अडचण वेगवेगळी निघाली.

मी मुळात हिशेब आणि अहवाल बघणारा माणूस. "तुला कॉम्प्युटरचं कळतं" म्हणून क्लाउडचं काम गळ्यात पडलं. तुमच्याही गळ्यात पडलं असेल, म्हणजे डेटा बिगक्वेरीत, गूगलच्या क्लाउडवरच्या डेटाच्या कोठारात, आहे आणि तो दहा-वीस जणांना वाचता यायला हवा, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. क्रम मोडून मी दोन आठवडे घालवले आहेत.

सुरुवात करण्याआधी: गिरणीचा हिशेब

एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धे प्रश्न पडतच नाहीत. धान्य एकाचं आणि गिरणी दुसऱ्याची असू शकते. शेजारणीने तुम्हाला पायलीभर ज्वारी दिली, म्हणून ती फुकटात दळून मिळत नाही. गिरणीत जाऊन पैसे तुम्हीच मोजायचे.

बिगक्वेरीत डेटा म्हणजे धान्य आणि क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, चालवणं म्हणजे दळण. डेटा साठवल्याचं बिल मालकाच्या प्रोजेक्टवर, म्हणजे गूगल क्लाउडमधल्या त्याच्या कामाच्या कप्प्यावर, पडतं. क्वेरीचं बिल मात्र ती ज्या प्रोजेक्टमधून चालवली त्या प्रोजेक्टवर. म्हणून परवानग्याही दोन लागतात: एक डेटा वाचायची, दुसरी कुठल्यातरी प्रोजेक्टमध्ये क्वेरी चालवायची. लोक पहिली देतात आणि दुसरी विसरतात. आमच्या ताईंचं तेच झालं होतं.

हे आधी गोळा करा

- प्रत्येक सहकाऱ्याचा तो ईमेल, ज्यावर गूगल खातं खरोखर आहे
- प्रोजेक्टचा आयडी. प्रोजेक्टचं नाव वेगळं आणि आयडी वेगळा असू शकतो. आयडीत फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा असतात, क्वेरीत तोच चालतो
- टेबलचं तीन भागांचं पूर्ण नाव: प्रोजेक्ट आयडी, डेटासेट (टेबलांचा गठ्ठा), टेबल, मध्ये टिंबं
- डेटासेटचं लोकेशन, म्हणजे मुंबई, दिल्ली, अमेरिका की आणखी कुठलं
- क्वेरीचं बिल कुठल्या प्रोजेक्टवर जाणार, याचं वरिष्ठांकडून लेखी उत्तर

शेवटचा मुद्दा आधी लेखी घ्या. बिल आल्यावर विचारलं की कुणालाच काही आठवत नाही.

१. आधी खातं नक्की करा

ऑफिसचा ईमेल आहे म्हणजे त्यावर गूगल खातं असतंच असं नाही. संस्थेची मेल दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर तो ईमेल परवानगीच्या चौकटीत टाकल्यावर स्वीकारलाच जात नाही. अशा वेळी त्याच ईमेलवर नवं गूगल खातं काढता येतं. त्यासाठी जीमेल लागत नाही. खातं काढताना "माझा सध्याचा ईमेल वापरायचा आहे" हा पर्याय निवडायचा.

दुसरा सापळा ब्राउझरचा. बहुतेकांच्या क्रोममध्ये घरचं आणि ऑफिसचं अशी दोन खाती उघडी असतात. परवानगी ऑफिसच्या खात्याला आणि पान उघडतं घरच्या खात्यात. त्यातच तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकच्या शेपटीला 'ऑथयूजर' हा शब्द आणि पुढे १ हा आकडा असेल, तर ती लिंक समोरच्याच्या ब्राउझरमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खात्यात उघडते. तुमच्याकडे दुसरं खातं ऑफिसचं, त्यांच्याकडे दुसरं खातं मुलाच्या शाळेच्या अभ्यासाचं. हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे: उजव्या कोपऱ्यातल्या गोलात ताईंच्या फोटोऐवजी डायनासोर होता. तेव्हापासून लिंक पाठवण्याआधी शेपूट कापतो, आणि फोनवर पहिला प्रश्न असतो, "उजव्या कोपऱ्यात कुणाचा फोटो दिसतोय?"

२. दोन परवानग्या, दोन जागी

पहिली डेटासेटवर. क्लाउड कन्सोलमध्ये बिगक्वेरी उघडा, डेटासेट निवडा, शेअरिंगमध्ये परवानग्यांचं पान उघडा, तिथे ईमेल टाका आणि 'बिगक्वेरी डेटा व्ह्यूअर' हा रोल (परवानग्यांचा संच) द्या. बटणांच्या जागा आणि शब्द अधूनमधून बदलतात. नुसतं वाचायचं असेल तर व्ह्यूअरच पुरे. "उगीच परत फोन नको" म्हणून एडिटर देऊ नका, कारण एडिटरला टेबल पुसता येतं.

दुसरी प्रोजेक्टवर. आयएएमच्या, म्हणजे कुणाला काय करता येईल ते ठरवायच्या, पानावर जाऊन त्याच ईमेलला 'बिगक्वेरी जॉब यूजर' हा रोल द्या. हा रोल डेटासेटवर देता येत नाही, प्रोजेक्टवरच द्यावा लागतो. तुमच्या प्रोजेक्टवर दिला की बिल तुमच्यावर. समोरची माणसं दुसऱ्या संस्थेची असतील आणि त्यांचा स्वतःचा प्रोजेक्ट असेल, तर ही परवानगी त्यांची त्यांनी घ्यायची. तुम्ही फक्त डेटा व्ह्यूअर द्यायचं.

ज्यांच्याकडे प्रोजेक्टच नाही, त्यांच्यासाठी सँडबॉक्स आहे. क्रेडिट कार्ड न देता तो सुरू होतो, महिन्याला १ टेबीबाइटपर्यंत (साधारण एक टीबी) क्वेरी आणि १० जिबीबाइट (साधारण दहा जीबी) साठवण मोफत मिळते. त्यात स्वतः बनवलेली टेबलं ६० दिवसांनी आपोआप पुसली जातात, पण दुसऱ्याचा डेटा वाचायला ही सोय छान आहे.

एक नाव दिसलं की हात आखडा: 'ऑल ऑथेंटिकेटेड यूजर्स'. वाचून वाटतं, आपल्या संस्थेतले लॉगिन केलेले सगळे. अर्थ असा नाही. गूगल खातं असलेला जगातला कुणीही, असा आहे. लाभार्थ्यांची नावं आणि मोबाइल नंबर असलेल्या टेबलवर हे टाकलं तर काय होईल, ते सांगायला नको.

परवानगी दिल्यावर लगेच फोन करून "आता बघा" म्हणू नका. बदल लागू व्हायला साधारण दोन मिनिटं लागतात, कधी सात किंवा त्याहून जास्त. चहा पिऊन या.

३. माणसांना नको, ग्रुपला परवानगी द्या

सुरुवातीला मी प्रत्येकाचा ईमेल वेगळा टाकला. सहा महिन्यांत त्या यादीत नोकरी सोडून गेलेले तिघे आणि एक इंटर्न सापडला, ज्याचं आडनावही कुणाला आठवेना. त्यानंतर गूगल ग्रुप केला, दोन्ही रोल त्या ग्रुपच्या ईमेलला दिले, आणि आता माणूस आला की ग्रुपमध्ये टाकायचा, गेला की काढायचा. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनाच ग्रुपचं व्यवस्थापक केलं, कारण कोण आलं नि कोण गेलं हे माझ्याआधी त्यांना कळतं. ग्रुपमधला बदल पोचायला मात्र थेट परवानगीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून नव्या माणसाला आदल्या दिवशीच जोडून ठेवा.

डेटा दुसऱ्या संस्थेचा असेल तर मागणी नीट लिहा. मी असा मजकूर पाठवतो:

"नमस्कार. आमच्या टीमला आपल्या डेटासेटमधली अमुक दोन टेबलं फक्त वाचायची आहेत. खाली ग्रुपचा ईमेल देत आहे. क्वेरी आमच्याच प्रोजेक्टमधून चालतील, त्यामुळे आपल्या बिलावर त्याचा भार नाही. कृपया या ग्रुपला बिगक्वेरी डेटा व्ह्यूअर हा रोल द्यावा आणि डेटासेटचं लोकेशन कळवावं. काम मार्चअखेर संपेल, तेव्हा परवानगी काढण्यासाठी आम्हीच कळवू."

बिलाचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर मेल लेखा विभागाकडे जाते आणि तिथेच मुक्काम करते.

४. टेबल सापडेपर्यंत सोबत राहा

परवानगी मिळाली तरी दुसऱ्याचा प्रोजेक्ट डावीकडच्या यादीत आपोआप येत नाही. नवखा माणूस रिकामी यादी बघतो आणि परवानगीच मिळाली नाही असं समजतो. प्रोजेक्टचा आयडी टाकून शोधायचं आणि त्याला तारा लावायचा, म्हणजे तो यादीत कायमचा बसतो. हा तारा प्रत्येकाने आपापल्या खात्यात लावायचा असतो.

क्वेरीत नाव पूर्ण लिहायचं आणि बॅकटिकमध्ये घालायचं. बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खाली असलेलं तिरकं चिन्ह. साधं अवतरणचिन्ह टाकलं की टेबलचं नाव नुसता मजकूर ठरतं आणि एरर येते. व्हॉट्सॲपवरून क्वेरी पाठवाल तर त्यातही ही चिन्हं इकडची तिकडे होतात, कारण बॅकटिकमधला मजकूर व्हॉट्सॲप स्वतःच वेगळ्या अक्षरांत दाखवायला जातं. क्वेरी गूगल डॉकमध्येही नको, तिथे अवतरणचिन्हं गोल होतात. बिगक्वेरीतच सेव्ह करून शेअर करा.

५. पहिली क्वेरी समोर बसून चालवा

इथे पैशाचा मामला आहे, म्हणून जरा थांबतो.

"नुसतं बघायचंय" म्हणून लोक 'सिलेक्ट स्टार' (म्हणजे सगळे कॉलम द्या) लिहितात आणि शेवटी 'लिमिट १०'. त्यांना वाटतं, दहाच ओळी मागितल्या तर दहाच ओळींचे पैसे. बिगक्वेरीत ओळींना किंमत नाही, कॉलमना आहे. डेटा कॉलमनुसार साठवलेला असतो आणि जे कॉलम मागाल ते अख्खे वाचले जातात. साध्या टेबलवर लिमिट लावून बिल कमी होत नाही. मोफत १ टेबीबाइट संपल्यावर अमेरिकेतल्या लोकेशनला टेबीबाइटमागे ६.२५ डॉलर पडतात. मुंबईचा दर वेगळा आहे, तो किमतींच्या पानावर बघा. माझी पहिली क्वेरी अशीच 'सिलेक्ट स्टार लिमिट १०' होती, आणि टेबल होतं पाच वर्षांच्या नोंदींचं.

म्हणून तीन सवयी पहिल्याच दिवशी लावा. नुसतं बघायचं असेल तर टेबल उघडून 'प्रिव्ह्यू' टॅबवर जायचं, तो फुकट आहे. क्वेरी चालवण्याआधी संपादकाच्या कोपऱ्यात ती किती डेटा वाचणार हे लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय 'रन' दाबायचं नाही. आणि क्वेरी सेटिंग्जमध्ये 'मॅक्झिमम बाइट्स बिल्ड' या चौकटीत मर्यादा टाकून ठेवायची. क्वेरी त्यापेक्षा जास्त वाचणार असेल तर ती चालतच नाही आणि पैसेही लागत नाहीत. प्रशासक म्हणून तुम्ही दर माणशी रोजचा कोटाही ठरवू शकता. मी तो ठरवला तेव्हा दोघे नाराज झाले. महिनाअखेरीस लेखापाल खूश झाले.

६. अडलं तर: आधी लक्षण विचारा

फोन आला की "काय येतंय?" असं विचारू नका. "एरर येतंय" एवढंच उत्तर मिळेल. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटोही नको. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून मागवा, कारण नेमकं काय कमी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं.

कॉलमची नावं दिसतात, पण आतला डेटा दिसत नाही. याचा अर्थ 'मेटाडेटा व्ह्यूअर' दिला गेला आहे. नावं सारखी आहेत, यादीत जवळजवळ असतात, हात घसरतो. डेटा व्ह्यूअर द्या.

प्रिव्ह्यू दिसतो, क्वेरी मात्र 'ॲक्सेस डिनाइड' म्हणते आणि मजकुरात 'जॉब्स डॉट क्रिएट' असं काहीतरी आहे. धान्य मिळालं, गिरणी नाही. एक तर जॉब यूजर द्यायचं राहिलं, नाही तर वरच्या पट्टीत भलताच प्रोजेक्ट निवडलेला आहे. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं. डेटा ज्या प्रोजेक्टमध्ये आहे तोच वर निवडायचा अशी लोकांची समजूत असते. निवडायचा तो, जिथे आपल्याला क्वेरी चालवायची मुभा आहे. साताऱ्याच्या ताईंना जॉब यूजर दिल्यावरही दोन दिवस याच कारणाने अडलं होतं.

एररमध्ये अशा टेबलचं नाव येतं, जे आपण लिहिलेलंच नाही. तुम्ही व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी, शेअर केला आहे, आणि तो ज्या मूळ टेबलवर उभा आहे त्याची परवानगी समोरच्याला नाही. घाईने मूळ टेबल उघडं करू नका. बहुतेक वेळा व्ह्यू बनवलेलाच असतो मोबाइल नंबर वगैरे झाकायला. मूळ डेटासेटच्या शेअरिंगमध्ये जाऊन त्या व्ह्यूला 'ऑथराइज्ड व्ह्यू' म्हणून मान्यता द्या. मग व्ह्यू उघडतो आणि मूळ टेबल झाकलेलंच राहतं. व्ह्यू मात्र वेगळ्या डेटासेटमध्ये ठेवा. मूळ टेबल ज्या डेटासेटमध्ये आहे त्याच डेटासेटवर व्ह्यूअर दिलं, तर झाकपाक वाया गेली.

'ड्राइव्ह क्रेडेन्शियल्स' असा उल्लेख येतो. ते टेबल खरं तर एखाद्या गूगल शीटवर बसवलेलं आहे. बिगक्वेरीतली परवानगी इथे पुरत नाही, ती शीटही त्याच माणसाला वाचायला शेअर करावी लागते. यावर माझी एक अख्खी दुपार गेली. बाकी सगळी टेबलं चालत होती आणि तालुक्यांच्या नावांचं एक चिमुकलं टेबल तेवढं अडत होतं.

एरर नाही, पण ओळी कमी येतात किंवा शून्य येतात. हे सगळ्यात फसवं. टेबलवर ओळींच्या पातळीचं बंधन असेल, तर ज्याला जेवढ्या ओळींची मुभा तेवढ्याच दिसतात, आणि निकालाजवळची बारीक सूचना कुणी वाचत नाही. कोल्हापूरच्या माणसाला फक्त कोल्हापूरच्या नोंदी दिसतात आणि तो अहवालात "राज्यात एवढ्याच नोंदी" असं लिहून मोकळा होतो. असं बंधन असेल तर पहिल्याच मेलमध्ये ठळक लिहा.

'पॉलिसी टॅग' असा शब्द येतो. एखादा कॉलम बंद आहे, आणि 'सिलेक्ट स्टार'मध्ये तोही आल्यामुळे अख्खी क्वेरी अडली. हवे ते कॉलम नावाने लिहा, किंवा स्टारपुढे 'एक्सेप्ट' लावून तो कॉलम वगळा.

'व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्स' किंवा 'ऑर्गनायझेशन पॉलिसी' असं आलं, तर तुमच्या हातात काही नाही. ते कुंपण संस्थेच्या क्लाउड प्रशासकाने घातलेलं असतं. एररमधला तो लांबलचक ओळख क्रमांक जसाच्या तसा त्यांना पाठवा आणि वाट बघा.

७. लोकेशनची भानगड

डेटासेट बनवताना त्याचं लोकेशन ठरतं आणि नंतर ते बदलता येत नाही. मुंबईतलं टेबल आणि अमेरिकेतलं टेबल साध्या क्वेरीत एकत्र जोडता येत नाही. एररही सरळ तसं सांगत नाही. "अमुक लोकेशनमध्ये डेटासेट सापडला नाही" असं म्हणते आणि माणूस नावातलं स्पेलिंग तपासत बसतो. यादीत डेटासेट डोळ्यांसमोर असेल आणि तरी 'नॉट फाउंड' येत असेल, तर दोन्ही डेटासेटचे तपशील उघडून लोकेशन ताडून पाहा. वेगळं निघालं तर छोट्या टेबलची प्रत मोठ्याच्या लोकेशनला आणा. डेटा दुसऱ्या संस्थेचा असेल तर प्रत काढण्याआधी विचारा. व्यक्तींची माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, आणि "वाचायला दिलं होतं, प्रत काढायला नाही" असा वाद रास्तच असतो.

८. सगळ्यांना क्वेरी शिकवायचा अट्टहास नको

आमच्या वीस जणांपैकी क्वेरी लिहिणारे चार. बाकीच्यांना दर सोमवारी आकडे हवे असतात, एवढंच. त्यांच्यासाठी गूगल शीटला बिगक्वेरी जोडून दिली. शीटच्या डेटा मेनूतून डेटा कनेक्टर्समध्ये जाऊन टेबल निवडायचं की झालं. तिथून पिव्होट आणि आलेख नेहमीसारखे करता येतात. शीट ज्याच्याशी शेअर केली त्याला आधीच आलेले आकडे दिसतात, भले त्याला बिगक्वेरीची परवानगी नसो. म्हणजे शीट शेअर करणं हेही डेटा शेअर करणंच, हे विसरू नका. 'रिफ्रेश' दाबायचं असेल तर मात्र वरच्या दोन्ही परवानग्या हव्यात. मी दोघांनाच त्या दिल्या आहेत.

९. डाउनलोड आणि एक्सेलमधलं मराठी

निकाल सीएसव्ही म्हणून थेट उतरवायची मर्यादा १० एमबी आहे. त्याहून मोठा असेल तर गूगल ड्राइव्हवर पाठवायचा, तिथे १ जीबीपर्यंत चालतो.

मग ती फाइल माणूस दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतो आणि पुन्हा फोन येतो: "दादा, नावं बिघडली." सुनंदा, भागीरथी, तुळसाबाई, सगळ्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग. डेटा बिघडलेला नसतो, एक्सेलने भाषेचा संकेत चुकीचा धरलेला असतो. फाइलवर क्लिक न करता आधी कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ घ्या. नावं जागेवर येतात.

त्याच खिडकीत, 'लोड' दाबायच्या आधी, 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये जाऊन बँक खात्याच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' करा. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरतं. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक ते गुपचूप शून्य करतं, आणि फाइल त्याच रूपात सेव्ह केली की मूळ अंक परत आणता येत नाही, डाउनलोड पुन्हा करावं लागतं.